एक घाटकोपर, दोन घाटकोपर

ये गं, अशी जवळ बस. कागदावर जितकं जवळ बसता येतं तितकं तरी बस. आणि आधी कान पकड. परवा फोनवर मला म्हणालीस, "मोठी आजी, मला तर शॉकच बसला!" कसला शॉक, तर तुझ्या कुठल्याशा मैत्रिणीने ठरलेलं लग्न मोडलं. अगं, त्याला आश्चर्य म्हणतात. वाईट वाटणं म्हणतात. फार तर धक्का म्हण. शॉक हा शब्द माझ्यासमोर असा चणे-फुटाण्यांसारखा उधळायचा नाही. का नाही, ते आज सांगते.

कारण त्याच फोनवर, त्याच दमात, तू मला दुसरं विचारलंस. "मोठी आजी, माझी आजी मरायला टेकली होती, तेव्हा तू म्हणे तिला पाणी दिलं नव्हतंस?"

तू हसत विचारलंस. मी फोन ठेवला आणि कागद-पेन शोधलं. म्हणजे अजून सांगतात तर! चाळ पाडून बिल्डिंग झाली, माणसं बदलापूर-विरारला पांगली, तरी ही गोष्ट तुझ्यापर्यंत पोचलीच. सांगणाऱ्याने अर्धी सांगितली. उरलेली अर्धी मीच सांगायला हवी. माझी शाळा चौथीपर्यंतची, त्यामुळे शुद्धलेखनाला नावं ठेवू नकोस.

ऐंशी सालानंतरची ती वर्षं. आम्ही विक्रोळीच्या चाळीत दोन खोल्यांत सहा माणसं राहायचो. तुझी आजी माझी धाकटी जाऊ. मी तिशीची, ती बावीस-तेवीसची, लग्नाला दीड वर्षही झालं नव्हतं. मला वैनी म्हणायची. सासूबाई मूळच्या मालवणकडच्या, मुंबईत तीस वर्षं काढूनही बोलणं गावचंच. तुझे आजोबा म्हणजे माझे धाकटे दीर, मरोळच्या एका कारखान्यात फिटर. आणि मी घाटकोपरला बारा खाटांच्या एका नर्सिंग होममध्ये आया. आया म्हणजे काय, ते तुला ठाऊक नसेल. बेडपॅन, चादरी, पेशंटला कूस बदलून देणं आणि सगळ्यांचा ओरडा खाणं.

पण तिथे एक सिस्टर होत्या, दक्षिणेकडच्या. उंच, काळ्यासावळ्या, जिभेला धार. मराठी त्यांना येत नव्हतं, हिंदी मोडकी. मी चादर बदलताना पेशंटच्या तोंडाकडे बघत बसायचे, ते त्यांच्या लक्षात आलं. एक दिवस म्हणाल्या, "देखती है तो ठीक से देख ना. मुंह मत देख. हाथ देख." तिथून माझी खरी शाळा सुरू झाली. जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर मी लिहून ठेवायचे. माझ्या भाषेत, माझ्या स्पेलिंगमध्ये.

एकदा एका पेशंटच्या पेपरवर डॉक्टरांनी 'शॉक' लिहिलंय असं मी ऐकलं आणि म्हटलं, "सिस्टर, ह्याला करंट लागला? कुठल्या बटनाचा?" त्या इतक्या हसल्या की डोळ्यांना रुमाल लावला. मग म्हणाल्या, "शॉक मतलब करंट नहीं रे बाबा. शॉक मतलब प्रेशर गया. तेरे चाळ में नल है ना?"

आता नळाच्या प्रेशरबद्दल विक्रोळीच्या बाईला शिकवायला नको! तळमजल्यावर धो धो, आणि आमच्या तिसऱ्या मजल्यावर नळ नुसता फुसफुसायचा. सिस्टरनी त्यावरच मला सगळं समजावलं. अंगात रक्ताचं प्रेशर पडलं की शरीर फार हुशारीने वागतं. मेंदू आणि काळीज जगलं पाहिजे म्हणून ते हातापायांचं पाणी तोडतं, कातडीचं पाणी तोडतं. म्हणून हात गार पडतात, ओलसर होतात, ओठ पांढरे होतात. नाडी पळत सुटते पण दोऱ्यासारखी बारीक लागते. आणि तहान, बाई गं, तहान अशी लागते की माणूस दुसरं काही मागतच नाही.

पण प्रेशर का पडलं, ते शोधायचं. टाकी फुटली का? म्हणजे रक्त गेलं, नाहीतर जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी गेलं. का पंप बिघडला? म्हणजे काळीज. का पाइपच ढिले पडले? म्हणजे अंगात कसलं तरी विष भिनलं. हे तिन्ही मी त्या बारा खाटांवर पाहिले. एका माणसाला नुसतं पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं. पाच मिनिटांत त्याचे ओठ वड्यासारखे फुगले, अंगभर गांधी उठल्या, छाती शिट्टी वाजवायला लागली. तो घाबरून उठून पळायला बघत होता. सिस्टरनी त्याला ढकलून आडवा केला आणि दुसरं इंजेक्शन टोचलं, तेव्हा तो वाचला. एका बाळंतिणीला ताप होता. तिचे हात गरम, गाल लाल, म्हणून आम्ही निर्धास्त; पण ती नवऱ्याला ओळखेना. सिस्टर म्हणाल्या, हाही शॉकच, गरम हातांचा. ह्याला फसायचं नाही. आणि छातीच्या दुखण्याने आलेल्या एका म्हाताऱ्याचे पाय मी शहाणपणा करून उशीवर उंच ठेवले, तर तो गुदमरायला लागला. सिस्टरनी माझ्या हातावर फाडकन चापट मारली. "पंप खराब है, तू और पानी भेजती है?" तेव्हा समजलं. शब्द एक, पण इलाज एक नाही.

आणि त्यांनी एक खेळ शिकवला. पेशंटचं नख दाबायचं, पांढरं होतं, मग सोडायचं आणि मोजायचं. त्या इंग्रजीत काहीतरी मोजायच्या, मला ते जमेना. मी म्हणायचे, "एक घाटकोपर, दोन घाटकोपर." दुसरं घाटकोपर संपायच्या आत नख गुलाबी झालं पाहिजे. सिस्टरही मग तसंच मोजायला लागल्या, "येक गाटकोपर."

आता त्या दिवसाचं.

आदल्या दिवशी भावोजींच्या कारखान्याला टाळं लागलं होतं. गेटवर नोटीस, माणसं बाहेर. घरात चूल पेटली होती पण कोणी जेवलं नव्हतं. सकाळी मी ड्युटीला निघाले तेव्हा तुझी आजी पोट धरून बसली होती. म्हणाली, "वैनी, पाळीचंच असेल. दोन महिने चुकली होती, आता येतेय वाटतं." मी म्हटलं, पडून राहा. हे माझं चुकलं. तिथेच थांबून चार प्रश्न विचारायला हवे होते. पण मस्टरवर सही करायची घाई.

दुपारी अडीचला परत आले तर आमच्या दारात चपलांचा ढीग. आत अख्खा मजला जमलेला. तुझ्या आजीला भिंतीला टेकवून बसवलेलं, मान एकीकडे कललेली. एक शेजारीण फोडलेला कांदा तिच्या नाकाशी धरून उभी, दुसरी पुठ्ठ्याने वारा घालतेय. सासूबाई मीठ-मिरच्या ओवाळून दृष्ट काढत होत्या. मिरच्यांच्या धुराने सगळ्यांना ठसका लागलेला, फक्त जिच्यासाठी काढली ती सोडून. ती खोकतसुद्धा नव्हती.

"काय झालं? डॉक्टरकडे नेलं का?"

सासूबाई म्हणाल्या, "नेला मगे. कोपऱ्यावरच्या डॉक्टराकडे सकाळीच चालवत नेला. शॉक बसलोहा म्हनालो. एक इंजेक्शन दिल्यान."

 शॉक? डॉक्टरने शॉक म्हणून ओळखलं आणि घरी पाठवलं? चालवत? मी जवळजवळ किंचाळले, "शॉक म्हणाला आणि सोडून दिलं? सलाईन नाही, काही नाही?"

"गो, ओरडतंस कित्याक? कंपनीक टाळां लागला, घोवाची नोकरी गेली. पोरीन मनाक लावून घेतल्यान. शॉक बसतलोच! झोपेचां इंजेक्शन दिल्यान, झोपली की बरी होतली."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि मागोमाग आग. म्हणजे त्या शिकल्यासवरल्या माणसाने बोर्डावर डिग्री लावून, गळ्यात नळी अडकवून, एका पांढऱ्याफटक पोरीकडे बघून शॉक हा शब्द उच्चारला होता. आणि अर्थ लावला होता गल्लीतला! नोकरी गेली, बायको कोसळली, म्हणजे मनाचा धक्का. तिचं पोट दुखतंय हे तिने सांगितलं होतं. त्याने पोटाला हात लावला नव्हता. पाळी कधी आली होती, हे विचारलं नव्हतं. बाई आहे ना, मग मनाचंच असणार. पुरुष असता तर पोट दाबून बघितलं असतं की नाही? सांग मला. माझा तो राग अजून उतरलेला नाही, आणि मी उतरवणारही नाही.

मी वाट काढत तिच्यापाशी गेले. हात धरला. ओल्या फरशीसारखा गार. नाडी सापडेचना, मग सापडली तर पळतेय, मोजता येईना. डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली, आत लाली नाही. अंगठ्याचं नख दाबलं आणि सोडलं.

एक घाटकोपर. दोन घाटकोपर. तीन घाटकोपर. चार घाटकोपर. पाच.

पाचव्यालाही ते नीट गुलाबी नव्हतं.

ताप नाही, गांधी नाहीत, छातीत दुखत नाही. पोट फळीसारखं कडक. "कुठे दुखतंय गं?" तर ती पुटपुटली, "खांदा." सासूबाई लगेच, "कळशी उचलून खांदो भरलो असतलो." पण खांद्याचं सिस्टरनी मला एकदा सांगितलं होतं. पोटात रक्त साचलं की कधीकधी दुखतं खांद्याला. विचित्र आहे, पण आहे. पाळी चुकलेली, पोट कडक, खांदा दुखतोय. गर्भ पिशवीत न राहता नळीतच राहिला होता आणि नळी फुटली होती. टाकी आतून फुटली होती, म्हणून बाहेर एक थेंब दिसत नव्हता.

मी कांदा घेतला आणि दाराबाहेर फेकला. तिला सपाट आडवी केली, पायांखाली दोन गोधड्यांची गुंडाळी घातली, अंगावर चादर टाकली. "बाजूला व्हा सगळ्या. वारा घालू नका, तिला थंडी वाजतेय. भावोजी, गाडी बघा, पण रिक्षा नको. हिला बसवायचं नाही."

आणि तेव्हा ती म्हणाली, "पाणी."

सासूबाईंचा हात तयारच होता. पितळेचा पेला, माठातलं पाणी. त्यांनी तिची मान उचलली, पेला ओठाला लावला. आणि मी तो हिसकावून घेतला.

पाणी सांडलं. त्यांच्या लुगड्यावर, माझ्या हातावर. पेला घरंगळत उंबऱ्याशी गेला. 

"आई, पाणी नाही द्यायचं. हिचं पोट उघडावं लागणार आहे. पोटात पाणी असलं तर भूल देताना उलटी होऊन छातीत जाईल."

"मरतल्या माणसाक कोण पाणी नाकारता काय गो?" सासूबाई म्हणाल्या. "वैऱ्याक पण देतत. माणूस मा तू?"

मागून एक शेजारीण म्हणाली, "आया आहे ना, डॉक्टरीण झाली." दुसरी म्हणाली, "जावेवर राग काढतेय." आणि तुझी आजी माझ्याकडे बघत होती. ते डोळे मी विसरलेले नाही. "वैनी, घोटभर. एकच घोट."

"नाही," मी म्हटलं.

तू मला विचारलंस ना, दिलं नव्हतंस का? नव्हतं दिलं. हो. नव्हतं.

टॅक्सी मिळेना. रिक्षावाला तयार होता, पण रिक्षात तिला उभी-बसती नेली असती तर वाटेतच गेली असती. तेव्हा जिना चढून आली आमची कोळीण, दर दुपारी पाटी घेऊन यायची ती. तिने आत डोकावलं, पाटी उतरवली, आणि एकच विचारलं, "जिती हाय ना?"

"आहे."

"मंग बघत काय बसल्याव? मेल्यावर उचलायला सगळी येतील. आता उचला! खाली माझ्या भावाचा टेंपो हाय, बर्फाच्या पेट्या उतरवल्या की पोरगी लांब झोपंल."

शेजारीण नाक मुरडून म्हणाली, "मासळीच्या टेंपोतून?"

"मंग? तुझ्या घरात हेलिकॉप्टर हाय काय?"

चादरीची झोळी करून चौघांनी तिला तीन जिने उतरवली. टेंपोत ताडपत्री, तिच्यावर कोळणीची घडीची चादर, पाय उलट्या पाटीवर. मी डोक्याशी, कोळीण पायाशी, भावोजी पुढे तिच्या भावाजवळ. हायवेने घाटकोपरकडे, पण माझ्या नर्सिंग होमला नाही, मोठ्या इस्पितळात. कोळणीचा भाऊ हॉर्नवरचा हात काढतच नव्हता. तुझ्या आजीचे ओठ वाळून चिकटत होते. मी पदराचा कोपरा बाटलीतल्या पाण्यात भिजवून, पिळून, तिच्या ओठांवरून फिरवत होते. गिळायला काही नाही, फक्त ओल. ती तो पदर चोखायला बघायची, मी ओढून घ्यायचे. कोळीण एकदा माझ्याकडे बघून म्हणाली, "बाय, तुझा जीव लय कठीण." वाईट नाही, नुसतंच बोलली. मग तिने तोंड फिरवलं, आणि मी पण.

मोठ्या इस्पितळाच्या दारात एक तरुण डॉक्टर भेटला, दोन दिवस दाढी न केलेला. मी घडाघडा बोलले, "दोन महिने पाळी चुकली, सकाळपासून पोट दुखतंय, पोट कडक, खांदा दुखतोय, नाडी लागत नाही, नखाला पाच."

"नखाला पाच काय?"

"पाच घाटकोपर."

 त्याने स्वतः तिचं नख दाबलं. त्याचे ओठ हलले नाहीत, पण मोजत होता हे मला कळलं. पुढच्या मिनिटाला दोन्ही हातांत सलाईन, पोटात सुई, आणि सुईत काळपट रक्त. ऑपरेशनला आत नेता नेता त्याने ओरडून विचारलं, "काही खाल्लं-प्यायलंय?"

"सकाळपासून काही नाही. पाणीसुद्धा नाही."

"शाबास, बाई."

एवढंच. ह्या शब्दांशिवाय मला आयुष्यात दुसरं सर्टिफिकेट मिळालेलं नाही. आणि ऐकायला होतं कोण? एक कोळीण, जिला मासळी विकायची होती, आणि तुझे आजोबा, जे भिंतीला डोकं लावून रडत होते, त्यांना काही ऐकू आलं नाही.

तुझी आजी वाचली. एक नळी गेली, दुसरी राहिली. तुझी आई त्यानंतर तीन वर्षांनी झाली, ती त्या उरलेल्या नळीची. हे तुला तुझ्या घरात कोणी सांगितलं का? नसेल.

घरी परत आणली त्या दिवशी काय झालं, ऐक. सासूबाईंनी भावोजींना पेढे घेऊन पाठवलं. कुठे? त्या कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे! "त्येनाच पयलो शॉक ओळखल्यान," म्हणे. आणि तो गृहस्थ पेढे घेऊन, मान डोलावून म्हणाला की मी सकाळीच सांगितलं होतं ना, शॉक आहे म्हणून. भावोजींनी हे मला येऊन कौतुकाने सांगितलं! मी भाकरी थापत होते. ती भाकरी अशी आपटली की परात वाजली. माझा हात कधी कोणावर उठलेला नाही, पण त्या दिवशी तो माणूस समोर असता तर सांगता येत नाही.

इकडे दृष्टीला श्रेय, तिकडे डॉक्टरला पेढे, आणि माझ्या नावावर काय? पाणी तोडलं. नळावर बायका म्हणायच्या, "हिच्याकडे मागू नका हं पाणी, ही द्यायची नाही." चेष्टेने म्हणायच्या, पण म्हणायच्या. सासूबाईंनी त्यानंतर माझ्या हातचं पाणी घेतलं नाही. वाढलं तर जेवायच्या, मायेने बोलायच्या, माझ्या पोरांना अंगाखांद्यावर खेळवायच्या. पण पाण्याचा पेला दिला की, "थंय ठेव." मी ठेवायचे. थोड्या वेळाने दुसऱ्या कोणाला तरी सांगून तोच पेला हातात घ्यायच्या. जाईपर्यंत असंच. मी दोनदा समजावायला गेले. त्या म्हणाल्या, "तुझा खरां असात गो. पण माझ्या हातातला पाणी होता ता."  त्यांच्यावर मला राग धरता येत नाही, मुली. त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं. राग आहे तो ज्याला शिकवलं होतं त्याच्यावर. हातात नाडी होती, समोर पोर होती, तोंडात बरोबर शब्दसुद्धा होता, आणि बघायचे कष्ट घेतले नाहीत.

म्हणून म्हणते, तो शब्द जपून वापर. आणि कोणी पांढरं पडलेलं, घामाने गार झालेलं, तहानेने कासावीस दिसलं, की नुसतं "टेन्शन आलंय" म्हणून कांदा शोधत बसू नकोस. हात धर. नख दाब. मोज. आणि पळ.

राहिली तुझी आजी. तिने ह्या गोष्टीवर आम्हा दोघींत एक शब्द काढला नाही. फक्त माझ्याकडे आली की दारातच चप्पल काढता काढता म्हणते, "वैनी, त्या दिवसाचं पाणी दे." मी देते. ती उभ्यानेच, एका दमात, गटागटा पिते, आणि पेला माझ्या हातात परत देताना माझ्या पदराचा कोपरा हुंगून म्हणते, "अजून बांगड्याचा वास येतो हिच्या लुगड्याला." मग आम्ही दोघी हसतो, आणि तुझी आई विचारते, ह्यात एवढं हसण्यासारखं काय आहे.

आता तिचे गुडघे दुखतात, एकटी येत नाही. तिला घेऊन ये गं. ह्याच रविवारी ये, पुढच्या-बिढच्या नाही. फोनवर विचारायच्या गोष्टी नाहीत ह्या. तू माझ्या समोर बस, मी तुझ्या आजीला पाणी देते, तू बघ. माठ घासून, भरून ठेवलाय.